साउंड चिप सापडत नाही: झेड-८० बोर्डाच्या नोंदी

बोर्ड स्वतः आखलेला आणि स्वतःच सोल्डर केलेला. झेड-८० प्रोसेसर ७.३७२८ मेगाहर्ट्झवर चालतो. जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) बदलला की अर्ध्या वेगावर, म्हणजे ३.६८६४ वर. आवाजासाठी ४० पायांची एवाय-३-८९१० ही चिप. तिचं घड्याळ मुख्य घड्याळाला ४ ने भागून काढलंय, १.८४३२ मेगाहर्ट्झ. चिपला १ ते २ मेगाहर्ट्झ चालतं, तेव्हा त्या बाजूने काही अडचण नव्हती. प्रोसेसरने चिपशी बोलायचे दरवाजे, म्हणजे पोर्ट, तीन: ५० वर रजिस्टरचा (चिपच्या आतल्या कप्प्याचा) पत्ता द्यायचा, ५१ वर लिहायचं, ५२ वरून वाचायचं.

पोर्ट, पत्ते आणि मूल्यं इथे सगळीकडे हेक्समध्ये आहेत, म्हणजे सोळाच्या पायावर: ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. चिपच्या पायांचे क्रमांक, रजिस्टरांची नावं (आर० ते आर१५), वेळ आणि मोजदाद साध्या आकड्यांत.

७ जून

पहिल्याच वीजजोडणीत मॉनिटर (हाताने आकडे द्यायचा आणि वाचायचा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) उठला. रॅमची चाचणी पास, सिरियलवर, म्हणजे स्क्रीनकडे जाणाऱ्या जोडणीवर, अक्षरं दिसली. मग चिप शोधणारा छोटा प्रोग्रॅम चालवला. तो आर२ मध्ये ५५ लिहितो, परत वाचतो. मग एए लिहितो, परत वाचतो. दोन्ही जुळले तर 'आहे', नाहीतर 'नाही'.

'नाही'.

दोन्ही वेळा एफएफ वाचलं जातंय. डेटा बसवर (प्रोसेसर आणि चिपांमधल्या आठ समाईक ओळींवर) मोकळ्या ओळीला वर, म्हणजे ५ व्होल्टकडे, ओढणारे पुल-अप रेझिस्टर आहेत, त्यामुळे कोणीच उत्तर दिलं नाही तर एफएफच दिसणार. म्हणजे चिप चूक उत्तर देत नाहीये, ती बोलतच नाहीये. हा फरक त्या रात्री लिहून ठेवला ते बरं झालं, कारण पुढे तो मी स्वतःच विसरलो.

८ जून

नेहमीच्या तपासण्या. पाय ४० वर ४.९३ व्होल्ट, पाय १ ग्राउंडला. पाय २२ वर घड्याळ स्वच्छ. पाय २३ वरचा रिसेट वीज आल्यावर क्षणभर खाली राहतो आणि मग वर जातो, तेही ठीक. सॉकेटमधून चिप काढून पुन्हा बसवली. एकही पाय दुमडलेला नाही. एफएफ.

१० जून

लॉजिक अॅनालायझर (अनेक ओळींवरचे संकेत एकदम नोंदवणारं उपकरण) लावला. या चिपला सरळ रीड आणि राइटच्या ओळी नसतात. बीडीआयआर (पाय २७), बीसी२ (पाय २८) आणि बीसी१ (पाय २९) या तिघांवरून काय करायचं ते तिला कळतं. बीसी२ कायमचा ५ व्होल्टला बांधला की उरतात दोन: दोन्ही वर म्हणजे पत्ता घे, फक्त बीडीआयआर वर म्हणजे लिही, फक्त बीसी१ वर म्हणजे उत्तर दे, दोन्ही खाली म्हणजे गप्प बस.

पोर्ट ५० ला दोन्ही वर, ५१ ला फक्त बीडीआयआर, ५२ ला फक्त बीसी१. सगळं हवं तसं. डिकोडिंगमध्ये (पोर्टच्या क्रमांकावरून चिपला इशारा देणाऱ्या जोडणीत) गडबड असणार अशी माझी जवळजवळ खात्री होती, ती इथे संपली.

मग काढलेला निष्कर्ष: चिप मेलेली आहे किंवा नकली. जुन्या चिपांवरची छपाई घासून नवी छापून विकतात हे ऐकून होतो, त्यामुळे तो पटायलाही सोपा गेला. दुसरी मागवली. आज मागे पाहताना हीच नोंद सगळ्यात महाग वाटते. संकेत बरोबर पोचतायत एवढंच अॅनालायझरने दाखवलं होतं. बाकीच्या पायांकडे मी बघितलंच नव्हतं.

१४ जून

चिप यायला वेळ आहे, हात मात्र स्वस्थ बसत नाहीत. सॉकेटच वाईट असेल अशा संशयाने ४० पायांचं सॉकेट काढायला घेतलं. सोल्डर शोषायचा पंप, वेणी, भरपूर फ्लक्स. सुटलं, पण पाय २९ चं पॅड सोबत घेऊन सुटलं. नवं सॉकेट बसवलं आणि पाय २९ साठी वरून तार ओढली. जुन्या सॉकेटचे सगळे पाय मल्टिमीटरने तपासले: सगळे उत्तम. जवळजवळ पाच तास गेले आणि मिळालं काय, तर एक तुटलेलं पॅड.

सॉकेट काढायच्या आधी चिपच्या प्रत्येक पायावर, वरच्या बाजूला, मल्टिमीटरची सुई टेकवून जोड तपासता येतो. दहा मिनिटांचं काम आहे. ते केलं असतं तर पॅड वाचलं असतं.

२६ जून

दुसरी चिप आली. बसवली. एफएफ.

नाचता येईना अंगण वाकडं, हे आता कबूल करणं भाग होतं. दोन वेगळ्या ठिकाणच्या दोन चिपा एकाच प्रकारे मेलेल्या असण्यापेक्षा माझी आकृती चुकलेली असणं कितीतरी जास्त शक्य. डेटाशीट आणि माझी आकृती शेजारी ठेवली आणि १ पासून ४० पर्यंत एकेक पाय पेन्सिलने खूण करत गेलो. हे पहिल्याच दिवशी करायचं काम.

२४ वर अडखळलो नाही, २५ वर अडखळलो.

२४ म्हणजे ए९, २५ म्हणजे ए८. एकाच बसवर अनेक चिपा ठेवायच्या असतील तर निवडीसाठी दिलेले हे दोन जास्तीचे पाय. चिप निवडली जाण्यासाठी ए९ खाली हवा आणि ए८ वर. मी दोन्ही ग्राउंडला बांधले होते. न वापरलेले इनपुट मोकळे लोंबकळत ठेवायचे नाहीत ही हाताला लागलेली सवय. आकृती काढताना २४, २५, २६ हे तिन्ही पाय एका झटक्यात ग्राउंडला जोडून मोकळा झालो होतो. चिप सुरुवातीपासून धडधाकट होती. मीच तिला कायमचं 'तू नाहीस' सांगून ठेवलं होतं.

ए८ ला चिपच्या आतच पुल-अप आहे, ए९ ला पुल-डाउन. म्हणजे पाय २५ नुसता सॉकेटबाहेर वाकवला तरी काम व्हावं. २६ हा चाचणीचा पाय, तो मोकळा सोडायचा असतो, म्हणून तोही वाकवला. हे प्रयोग पहिल्या चिपवर केले. नव्या कोऱ्या चिपचे पाय वाकवायला जीव होईना.

वीज दिली, प्रोग्रॅम चालवला. 'नाही'.

रात्रीचा दीड वाजला होता. बंद केलं आणि झोपलो.

२७ जून

प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि मॉनिटरमधून हाताने आकडे दिले. ५० ला ००, ५१ ला ५५, ५२ वाचला: ५५! मग एए लिहिलं, एए आलं. ३सी लिहिलं, ३सी आलं. चिप जिवंत आहे, बोलते आहे. जिवात जीव आला.

मग ५० ला ०२ देऊन तेच केलं. एफएफ. ०१ दिलं, एफएफ. ०७, एफएफ. पुन्हा ०० दिलं, आणि चोख उत्तर.

सोळापैकी एकच रजिस्टर उत्तर देतं. आणि माझा प्रोग्रॅम नेमका आर२ तपासतो. आर० मुद्दाम टाळला होता, कारण पत्ता घेतला गेला नाही तरी ०० वर योगायोगाने काहीतरी जुळून खोटं 'आहे' येईल असं मला वाटलं होतं. उलटच झालं. आर० तपासला असता तर काल रात्रीच खूप काही कळलं असतं.

२९ जून

दोन दिवस डोक्यात हेच. पत्ता घेताना ही चिप खालच्या चार बिटांवरून रजिस्टर ठरवते आणि वरचे चार बिट शून्य आहेत का ते पाहते. शून्य नसतील तर तो पत्ता आपला नाही असं समजून गप्प बसते. म्हणजे ०१ दिल्यावर ती गप्प बसत असेल तर तिच्यापर्यंत ०१ पोचतच नसणार.

मग सरळ ०० पासून एफएफ पर्यंत सगळे २५६ पत्ते देऊन पाहिले. प्रत्येक पत्त्यावर ५५ लिहायचं आणि एफएफ सोडून दुसरं काही परत आलं तर पत्ता छापायचा. (हे करणाऱ्यांनी एक सांभाळा. आर७ चे वरचे दोन बिट चिपच्या स्वतःच्या, बाहेर जोडायच्या पोर्टांची दिशा ठरवतात. आंधळेपणाने लिहिताना तिथे काय जाईल सांगता येत नाही. पोर्टांना काही जोडलेलं असेल तर आधी काढून ठेवा. माझे मोकळे होते.)

उत्तर देणारे पत्ते: ००, १०, २०, ३० असे चढत एफ० पर्यंत. जवळजवळ सगळे सोळा. एखादा सुटला तो पोर्टांच्या रजिस्टरांपैकी, जो इनपुट असताना बाहेरच्या पायांचीच स्थिती सांगतो. खालचा आकडा शून्य असेल तेच पत्ते बोलतायत, जिथे खरं तर वरचा आकडा शून्य असलेले बोलायला हवेत.

लगेच वाटलं, चार-चारचे दोन गट अदलाबदल झालेत. वरचे चार बिट खाली, खालचे वर. आकृतीत तसं काही दिसेना, तरी मी तारा कुठे कापायच्या याचा विचारही सुरू केला होता. तेवढ्यात आठवलं की ही चिप स्वतःच साक्ष देऊ शकते. एवाय चिपमध्ये आर१, आर३, आर५ आणि आर१३ चारच बिटांचे आहेत. आर६, आर८, आर९, आर१० पाच बिटांचे. न वापरलेले बिट वाचताना शून्य येतात. म्हणजे एफएफ लिहिलं तर चार बिटांच्या रजिस्टरातून ०एफ आणि पाच बिटांच्यातून १एफ परत यायला हवं. माझ्या बोर्डवर ते कसं विकृत होऊन येतं त्यावरून तारा कशा गेल्यात ते कळेल.

फक्त गटांची अदलाबदल असेल तर १एफ चं एफ१ व्हायला हवं. प्रत्येक पत्त्यावर एफएफ लिहून वाचलं. ८०, ए०, बी० आणि सी० वर एफ० आलं. १०, ५०, ६० आणि ९० वर एफ८.

एफ८, एफ१ नाही. १एफ म्हणजे आठ बिटांत ०००१ ११११ आणि एफ८ म्हणजे ११११ १०००. पूर्ण आरसा. चिपच्या डेटाच्या पायांत (डीए० ते डीए७) डीए० च्या जागी डीए७, डीए१ च्या जागी डीए६, आणि तसंच शेवटपर्यंत. पत्तेही जुळतात: आर१ म्हणजे ०१, उलटा केला की ८०. आर८ म्हणजे ०८, उलटा केला की १०.

आर० का चालत होता तेही उलगडलं. ०० उलटं केलं तरी ००. आणि ५५ लिहिताना एकदा उलटं होतं, वाचताना पुन्हा उलटं होऊन सरळ येतं. लिहून-वाचून पाहण्याच्या चाचणीला ही चूक दिसूच शकत नाही.

मूळ कुठे? चिपचं चिन्ह मी स्वतः काढलं होतं. डीए७ पाय ३० वर आहे आणि डीए० पाय ३७ वर. पायांचा क्रमांक चढतो तसा बिटाचा उतरतो. मी पहिला पाय टाकला, नाव डीए० दिलं आणि पुढचे सात सॉफ्टवेअरला आपोआप वाढवायला लावले. दोन सेकंद वाचवले होते.

३० जून

बोर्ड कापण्याआधी खात्री करून घेतली. मॉनिटरमधून हाताने उलटे आकडे दिले. ४४० हर्ट्झसाठी १८,४३,२०० भागिले १६ भागिले ४४०, म्हणजे साधारण २६२, हेक्समध्ये १०६. आर० मध्ये ०६, आर१ मध्ये ०१, मिक्सर आर७ मध्ये ३ई (फक्त पहिला सूर चालू), आर८ मध्ये आवाजाची पूर्ण पातळी ०एफ. हे सगळं उलटं करून: पत्ता ०० ला ६०, ८० ला ८०, ई० ला ७सी, १० ला एफ०.

स्पीकरमधून सूर आला. तीन आठवड्यांनी या बोर्डाने काढलेला पहिला आवाज. बंद करायला आर८ चा उलटा पत्ता आठवेना म्हणून तो बराच वेळ वाजत राहिला.

२५६ बाइटांचा उलटापालट तक्ता रॉममध्ये ठेवून हे असंच चालवता आलं असतं. पण मग या चिपसाठी आधीच लिहिलेला प्रत्येक वादक-प्रोग्रॅम दुरुस्त करावा लागला असता. तारा सरळ करायचं ठरवलं.

५ जुलै

आधी सोपा वाटणारा मार्ग: एकावर एक दोन सॉकेट, वरच्याचे ३० ते ३७ हे आठ पाय कापलेले, आणि मधे आठ बारीक तारा आडव्या ओढून ३० ची ३७ ला, ३१ ची ३६ ला असं. दोन तास लागले. ३३ आणि ३४ एकमेकांच्या शेजारी, त्यांची अदलाबदल करताना डाग एकत्र झाले. सोडवले तर ३४ ची तार निघाली. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर ते प्रकरण डब्यात टाकलं.

मग बोर्ड उलटा करून चाकू घेतला. आठही पॅडांना आलेले ट्रॅक कापले, मल्टिमीटरने तुटल्याची खात्री केली, ३० गेजच्या वायर-रॅपिंगच्या तारेने आठ जोड आडवे दिले. वीज दिली. स्क्रीन कोरी. मॉनिटरच नाही.

घाम फुटला. डेटा बस एवायच्या पॅडांवरून पुढे सिरियल चिपकडे गेली होती. मी पॅडाच्या दोन्ही बाजू कापल्या होत्या, त्यामुळे सिरियल चिप अधांतरी. प्रोसेसर बिचारा चालत असेल, पण सांगणार कोणाला? आणखी आठ तारा, तुटलेल्या ट्रॅकच्या दोन टोकांना जोडणाऱ्या. आता खालच्या बाजूला सोळा तारा आणि पाय २९ ची जुनी एक. दिसायला भयंकर, पण मॉनिटर आला आणि पाठोपाठ 'आहे'.

त्याच बैठकीत पाय २५ चा ग्राउंडकडे जाणारा ट्रॅकही कापला आणि तो ५ व्होल्टला जोडला. आतला पुल-अप पुरतो, पण शेजारून घड्याळाचा ट्रॅक जातो, म्हणून धोका घेतला नाही.

९ जुलै

आनंद चार दिवस टिकला. आतापर्यंतच्या सगळ्या चाचण्या मी अर्ध्या वेगावर केल्या होत्या. आज जंपर ७.३७२८ वर नेला आणि चाचणी हजार वेळा चालवली: ३७ वेळा 'नाही'.

इथे कागदावर हिशेब केला तर लगेच दिसतं. झेड-८० पोर्ट वाचताना स्वतःचा एक वेट (थांबण्याचा जास्तीचा ठोका) जोडतो, तो धरून चिपला उत्तर द्यायला साधारण अडीच घड्याळ-ठोके मिळतात. ३.६८६४ वर ते ६७८ नॅनोसेकंद, ७.३७२८ वर ३३९. डेटाशीट वाचनासाठी ५०० पर्यंत लागतील म्हणतं, लिहिण्याचा पल्सही किमान ५०० चा मागतं. इतक्या कमी वेळात हजारातल्या ९६३ वेळा ती बरोबर वागली हीच तिची मेहेरबानी.

एक जास्तीचा वेट दिला तर साडेतीन ठोके, ४७५. थोडक्यात कमी. दोन दिले तर ६१०. म्हणून ७४एचसीटी१६४ शिफ्ट रजिस्टर लावला. चिप निवडलेली नसताना तो क्लिअर, म्हणजे सगळी आउटपुट शून्य, राहतो. निवडली की प्रत्येक ठोक्याला त्यात एक 'एक' पुढे सरकतो, आणि तो ठरलेल्या आउटपुटवर पोचेपर्यंत वेटची ओळ खाली. पहिल्यांदा मी दुसरं आउटपुट घेतलं, त्याने एकच वेट मिळाला: हजारात २ चुका. तिसरं घेतलं: हजारात शून्य. रात्रभर चालू ठेवलं, सकाळीही शून्य.

१३ जुलै

दुसरी चिप विनाकारण पडून होती. बसवून पाहिली. लगेच 'आहे'. ४४० चा सूर लावला आणि तो चक्क एक सप्तक खाली आला. २२०.

घड्याळ तेच, आकडे तेच. आर१ मध्ये एफएफ लिहून वाचलं: ०एफ नाही, पूर्ण एफएफ. म्हणजे छपाई एवायची असली तरी आत तिच्यासारखीच दुसरी चिप, वायएम२१४९, आहे. ती न वापरलेले बिटही जसे लिहिले तसे परत देते. नकली चिपचा संशय शेवटी खरा ठरला, फक्त चुकीच्या चिपवर आणि चुकीच्या महिन्यात. तक्रार करण्यासारखं काही नाही, ती उत्तम चालते.

सप्तकाचं कारण पाय २६. एवायमध्ये तो चाचणीचा, वायएममध्ये तो घड्याळ निवडीचा: खाली ओढला की चिप घड्याळ आतच दोनने भागते. पहिल्या चिपचा २६ मी वाकवला होता म्हणून कधी कळलं नाही. बोर्डवर त्याचा ग्राउंडचा ट्रॅक अजून तसाच होता. तो कापला. सूर ४४० वर आला.

शोधणारा प्रोग्रॅम बदलला: आधी आर०, मग आर२, मग आर१ चे वरचे बिट. आर० जुळला आणि आर२ नाही जुळला तर आता तो 'नाही' म्हणत नाही, 'डेटा बस तपासा' म्हणतो. आर१ च्या वरच्या बिटांवरून एवाय की वायएम तेही छापतो.

बाहेरच्या पोर्टांचं अजून पाहायचं आहे. आयओबी७ पाय ६ वर आणि आयओबी० पाय १३ वर, म्हणजे तेही उतरते, आणि त्यांचीही नावं मी त्याच दिवशी आपोआप वाढवून घेतली होती.